सात सेकंद

लग्न होऊन या घरात आले तेव्हा
ते गाणं मला कुकरचं म्हणून माहीत होतं.
येवल्यात, शेजारच्यांच्या टीव्हीवर
एक बाई झाकण लावायची, शिटी व्हायची,
आणि शिटीतूनच ती चाल वर निघायची
वाफेसारखी.
आम्ही पोरी लंगडी खेळताना तीच म्हणायचो,
शेवटी तालात: पाच वर्षांची गॅरंटी.

तेच गुणगुणत होते इथे, भद्रकालीत,
पहिल्याच आठवड्यात, तांदूळ निवडताना.
सासरे जेवत होते.
मी गॅरंटीपाशी आले
आणि ते ताटावरून उठले.
अर्धी भाकरी तशीच.

संध्याकाळी दीर हसत म्हणाला,
वहिनी, ते कुकरचं नाही, सिनेमातलं आहे.
आणि दुसऱ्या कडव्याआधी क्लॅरिनेट वाजते ना,
सात सेकंद,
ती आमच्या दादांची.

विश्राम गांगुर्डे. लग्नाचा बँड, लाल कोट.
तिकडचा नेहमीचा वाजवणारा आजारी पडला
म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं
एकदाच गेले मुंबईला, पहाटेच्या एसटीनं,
कसारा घाटात ओठ गार पडू नयेत
म्हणून तोंडाला मफलर बांधून.
काचेपलीकडे बोट हललं, हे वाजले.
परत हललं, परत वाजले.
साठ रुपये, चहा, एका वहीत सही.
रात्री घरी.
दुसऱ्या दिवशी पंचवटीत कुणाची तरी वरात होती.

पडद्यावर त्या सात सेकंदांत
नायिका नुसती मागे वळून बघते.
सासूबाई सांगायच्या, तीनदा पाहिला सिनेमा,
आणि तिन्ही वेळा, ती वळायच्या आधी,
शेजारच्या खुर्चीत यांनी श्वास भरून घेतला.

मग ती बरीच ठिकाणी वळली.
कुकर. बनियन.
मालिकेत, दुष्ट जाऊ जिना उतरते तेव्हा,
चाल संथ केलेली, खाली गडगडाट.
मग गृहकर्ज,
तिथे क्लॅरिनेटच्या जागी एक पोरगा शीळ घालतो
नव्या घराची किल्ली फिरवत.
मी एकदा विचारलंच, तुम्हाला काही मिळतं का याचं?
म्हणाले, मिळालं की. साठ रुपये.
आणि रिमोट मागितला.
आवाज वाढवला नाही, बंदही केला नाही,
नुसता हातात धरून बसले
जाहिरात संपून बातम्या लागेपर्यंत.

आता घंटागाडी.
ओला कचरा, सुका कचरा, एक बाई बजावते,
आणि तिच्या दोन बजावण्यांच्या मध्ये तेच गाणं,
भोंगा एका बाजूनं फाटलेला,
सूर अर्धा पट्टी चढा.
आमच्या दारात मुखडा वाजतो, पहिलं कडवं वाजतं,
गाडी निघते,
आणि ते सात सेकंद जाऊन वाजतात
पुढच्या बोळात, तांबटांच्या दारात,
जिथे कुणाला काही देणंघेणं नाही.
सासरे वर गॅलरीत, गालाला साबण.

म्हणून मी बादली अर्धीच नेते खाली.
थांब रे दादा, कोथिंबिरीच्या काड्या राहिल्यात.
वर जाते, खाली येते,
जिन्यात एक चप्पल मुद्दाम निसटवते.
रोज कसल्या काड्या हो ताई, ड्रायव्हर वैतागतो,
अजून सगळी गल्ली बाकी आहे.
रोजच्याच, मी म्हणते,
आमच्याकडे खातात कोथिंबीर.

तेवढ्यात ते येतं.
मी वर बघत नाही.
वर नळ बंद होतो एवढं कळतं.
दोन मजले, भोंगा, मागे अडकलेल्या रिक्षाचा हॉर्न,
यातून कुणाचा श्वास ऐकू येणं शक्य नाही,
मलाही माहीत आहे.

दसऱ्यापासून गाडीवर नवीन गाणं लावणार म्हणतात.
परवा बाजारात हात सवयीनं कोथिंबिरीकडे गेला.
दोन जुड्या घेतल्या.